नागपुरात राहून आयसीयू फार्मासिस्ट कसं व्हायचं: वर्षभराच्या प्रशिक्षणाचा आराखडा

"आयसीयूत काम करायचंय, त्याची रेसिडेन्सी नागपुरात कुठे असते?" फार्म.डी. या सहा वर्षांच्या फार्मसी पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली हा प्रश्न हमखास विचारतात. रेसिडेन्सी म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. तशी पाटी लावलेली जागा शोधत बसू नका. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, देशभर मान्य असलेली क्रिटिकल केअर, म्हणजे आयसीयूतल्या फार्मसीची रेसिडेन्सी आपल्याकडे नाही. अमेरिकेत ही वाट ठरलेली आहे. पदवीनंतर एक वर्ष सर्वसाधारण रेसिडेन्सी, तिला पीजीवाय-१ म्हणतात. त्यानंतर आणखी एक वर्ष फक्त क्रिटिकल केअरचं, ते पीजीवाय-२. दोन्हींना तिथल्या हेल्थ-सिस्टिम फार्मासिस्टांच्या संस्थेची, म्हणजे एएसएचपीची मान्यता असते. आपल्याला तोच साचा डोळ्यांसमोर ठेवून इथल्या एखाद्या आयसीयूत स्वतःचं वर्ष उभं करावं लागतं. ते जमतं, पण चिकाटी लागते आणि सुरुवात नीट व्हावी लागते.

कोणी सुरू करावं, कोणी थांबावं

फार्म.डी. आपल्याकडे २००८ पासून आहे. सहा वर्षांतलं शेवटचं इंटर्नशिपचं. त्यात सहा महिने जनरल मेडिसिन आणि बाकीच्या तीन विभागांत दोन-दोन महिने. म्हणजे आयसीयू मिळालाच तरी दोन महिन्यांपुरता. त्यातला पहिला महिना मॉनिटरचे आवाज ओळखण्यातच जातो. एम.फार्म. फार्मसी प्रॅक्टिसवाल्यांचंही थोडंफार असंच असतं.

माझं मत स्पष्ट आहे. वॉर्डात सलग वर्षभर काम केलेलं नसेल तर आयसीयूची घाई करू नका. तीस-चाळीस पेशंटचे ड्रग चार्ट रोज वाचायची सवय, घरची औषधं आणि वॉर्डातली औषधं जुळवून बघणं, डिस्चार्जच्या वेळी काकूंना इन्सुलिनचं पेन समजावणं, हे सगळं आधी हातात बसू द्या. अमेरिकेतही पीजीवाय-१ शिवाय पीजीवाय-२ ला घेत नाहीत, ते उगाच नाही.

महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. एक मर्यादाही पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या. आपण सुचवतो, ऑर्डर डॉक्टर लिहितात. चार्टवर स्वतःच्या पेनने डोस बदलायचा नाही, कितीही खात्री असली तरी.

आयसीयू निवडताना

नागपुरात पर्याय भरपूर आहेत. मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांत गर्दी अफाट, केसेस विलक्षण, पण एका पेशंटजवळ थांबायला वेळ मिळणं कठीण. मिहानमधलं एम्स आहे. धंतोली-रामदासपेठेत आणि वर्धा रोडवर खासगी रुग्णालयं आहेत. इथे बालाघाट, छिंदवाडा, सिवनीपासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंतचे पेशंट येतात आणि सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच डॉक्टरांच्या गोळ्या आणतात.

रुग्णालयाचं नाव केवढं मोठं आहे यापेक्षा पुढच्या गोष्टी बघा. तिथे पूर्णवेळ इन्टेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर, आहे का, की प्रत्येक कन्सल्टंट आपापला पेशंट बघून निघून जातो? दुसऱ्या प्रकारच्या आयसीयूत तुमची सूचना ऐकणारा माणूस दर तासाला बदलतो आणि शिकवायची जबाबदारी कोणाचीच नसते. सकाळचा राउंड ठरलेल्या वेळी होतो का? कल्चरचे रिपोर्ट त्याच इमारतीतल्या लॅबमधून येतात का? सिरिंज पंप पुरेसे आहेत का, की नॉरअॅड (रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनॅलिन) अजून मायक्रोड्रिपवर थेंब मोजून देतात? एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता मंडळाची मान्यता असेल तर चांगलंच. त्यांच्या मानकांत औषध व्यवस्थापनाचं अख्खं प्रकरण आहे आणि ते सांभाळायला प्रशासनाला तुमची गरज भासते.

एक डॉक्टर तुमचा प्रिसेप्टर, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून लेखी ठरवून घ्या. पत्रात चार गोष्टी हव्यात: कालावधी, राउंडला उभं राहण्याची परवानगी, फाइल बघण्याची परवानगी आणि गोपनीयतेची अट. तोंडी "या हो, शिका" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या महिन्यात मेडिकल सुपरिटेंडेंट बदलले की तुम्ही बाहेर.

पहिले तीन महिने: लेबल आणि गणित

या काळात मोठ्या अँटिबायोटिकांवर मत द्यायला जाऊ नका. इन्फ्युजनचं गणित आणि अॅम्प्यूलवरचं लेबल, एवढंच धरा. आयसीयूतल्या चुका बहुतेक इथेच जन्मतात आणि फार्मासिस्टइतकं लेबल कोणी वाचत नाही.

नॉरअॅड्रेनॅलिनच घ्या. काही अॅम्प्यूलवर ताकद बायटार्ट्रेट म्हणजे क्षाराच्या हिशेबात लिहिलेली असते, काहींवर बेसच्या, म्हणजे मूळ औषधाच्या. क्षाराचे २ मिग्रॅ म्हणजे बेसचा १ मिग्रॅ. आता ६० किलोचा पेशंट, ५० मिलि सिरिंजमध्ये ४ मिग्रॅ बेस. दर मिलिला ८० मायक्रोग्रॅम झाले. पंप ताशी ६ मिलिवर असेल तर तासाला ४८० मायक्रोग्रॅम, मिनिटाला ८, म्हणजे किलोमागे मिनिटाला ०.१३ मायक्रोग्रॅम. तेच ४ मिग्रॅ क्षाराचे असतील तर खरा डोस निम्मा, जेमतेम ०.०७. स्टोअरने कंपनी बदलली आणि रात्री कोणी लेबल पाहिलं नाही, तर पंपाचा आकडा तोच राहून पेशंटचा डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेला असताना, नॉरअॅड ०.२५ च्या आसपास गेलं की व्हॅसोप्रेसिन हे दुसरं औषध जोडायचा विचार होतो. तो निर्णय या आकड्यावरच उभा असतो. म्हणून आपल्या युनिटमध्ये सध्या कोणत्या कंपनीचं अॅम्प्यूल आहे आणि त्यावर काय छापलंय, याचा तक्ता स्वतः करून ड्रग ट्रॉलीवर चिकटवा.

पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलिचं अॅम्प्यूल १५ टक्क्यांचं, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. पेरिफेरल लाइनमधून (हाताच्या शिरेतून) साधारणपणे तासाला १० पर्यंत, सेंट्रल लाइनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून) मॉनिटर लावून २० पर्यंत. पातळ न करता कधीही नाही. डिस्टिल्ड वॉटरच्या अॅम्प्यूलशेजारी ते ठेवलेलं दिसलं तर त्याच क्षणी हलवायला सांगा. राउंड संपायची वाट बघू नका.

इन्सुलिनची आपल्याकडची भानगड वेगळीच. व्हायल बहुतेक ४० युनिटची, पेनची काडतुसं १०० ची, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपणाची ४० साठी, केशरी १०० साठी. पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेरून आणलेली सिरिंज कोणत्या टोपणाची आहे, हे रोज बघावं लागतं.

राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) द्यायच्या औषधांचा तक्ताही याच काळात करा. एन्टेरिक कोटेड पॅन्टोप्रॅझोल कुटून ट्यूबमधून देऊ नका. रिटार्ड, एसआर, एक्सआर लिहिलेलं, म्हणजे हळूहळू सुटणारं, काहीही खलबत्त्यात जायला नको. फेनिटॉइन ट्यूबमधून जात असेल तर फीड थांबवण्याच्या वेळा सिस्टरांशी बसून ठरवा.

आणि लाइन. पेशंटला सेंट्रल लाइनचे तीन ल्युमेन, म्हणजे मार्ग, आणि चालू इन्फ्युजन सात, हे रोजचंच चित्र. कोणतं कोणासोबत चालतं हे सिस्टर तुम्हालाच विचारणार. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये ते साकळतं. सेफ्ट्रायॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका लाइनमध्ये नको, त्यात कॅल्शियम असतं. सोडाबायकार्ब ज्या लाइनमध्ये, तिथे नॉरअॅड नको. अल्कलीत ते निकामी होतं. पॅन्टोप्रॅझोल आणि मिडॅझोलम एकत्र आले तर गढूळ होतात. एवढी उत्तरं तोंडपाठ झाली की आयसीयूतल्या सिस्टर तुम्हाला आपलं मानतात, आणि त्यांनी आपलं मानलं की अर्धं काम झालं.

राउंडला बोलायचं कसं

राउंडच्या किमान दीड तास आधी पोहोचा. प्रत्येक बेडची फाइल, रात्रीच्या नोंदी, एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी), लघवीचं प्रमाण, चालू पंप. तपासणीसाठी फास्टहग हे सूत्र जगभर वापरतात: फीडिंग, वेदनाशमन, सिडेशन म्हणजे गुंगी, रक्ताच्या गुठळ्यांचा प्रतिबंध, डोक्याकडची बाजू वर, अल्सरचा प्रतिबंध, साखर. फार्मासिस्टांनी त्याला मेडन्स हे शेपूट जोडलंय. त्यात घरच्या औषधांची जुळणी, अँटिबायोटिकं, नेमकं निदान आणि औषधाचा मेळ, डोस, इलेक्ट्रोलाइट, अॅलर्जी किंवा परस्परक्रिया आणि औषध थांबवण्याच्या तारखा येतात.

पण सूत्र मनात ठेवायचं, वाचून दाखवायचं नाही. डॉक्टरांकडे एका बेडला पाच-सात मिनिटं असतात, त्यात तुमची अर्धं मिनिट. तेवढ्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत: काय दिसतंय, त्याने काय होईल, काय करावं, परत कधी बघायचं. असं (व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम झटक्यांवरची औषधं, मेरोपेनेम अँटिबायोटिक):

"सर, बेड सहा. व्हॅल्प्रोएट चालू आहे आणि काल संध्याकाळी मेरोपेनेम सुरू झालंय. व्हॅल्प्रोएटची पातळी दोन दिवसांत कोसळेल, डोस वाढवून भरून निघणार नाही. मेरोपेनेम ठेवायचंच असेल तर लेव्हेटिरासिटाम जोडूया का? क्रिएटिनिन १.४ आहे, त्याप्रमाणे डोस काढून ठेवलाय. उद्या सकाळी मी परत बघतो."

यात चूक कोणाची हे कुठेच नाही, आणि डोस तयार आहे. "व्हॅल्प्रोएट आणि मेरोपेनेमची इंटरॅक्शन आहे" एवढंच बोलून गप्प बसलात तर डॉक्टर मान हलवून पुढे जातील.

कुठे गप्प राहायचं हेही शिकावं लागतं. मोबाइलवरचं अॅप एका पेशंटच्या वीस परस्परक्रिया दाखवतं. त्यातल्या आत्ता जिवाशी खेळणाऱ्या राउंडच्या मध्येच सांगा. याच पाळीत सुधारायच्या गोष्टी राउंडनंतर निवासी डॉक्टरांशी बोला. बाकीच्या वहीत लिहून उद्यावर टाका. सगळंच महत्त्वाचं म्हणणाऱ्याचं चौथ्या दिवसापासून कोणी ऐकत नाही.

चौथ्या महिन्यापासून: किडनी, अँटिबायोटिकं, सिडेशन

आता डोसवर मत द्यायला लागा. क्रिएटिनिनवरून किडनीचं गाळण काढायचं कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र सगळ्यांना येतं. त्यावर कधी विश्वास ठेवू नये, हे आयसीयू शिकवतो. क्रिएटिनिन काल १.०, आज १.९ आणि लघवी बंद, तर सूत्रातून येणारा आकडा खोटा मोठा असतो, खरं गाळण त्याहून बरंच कमी. उलट, तरुण, अपघातातला, डोक्याला मार लागलेला पेशंट मिनिटाला १३० मिलिच्या वर गाळतो आणि नेहमीच्या डोसमध्ये त्याला अँटिबायोटिक पुरतच नाही. तिसरी गोष्ट अनुभवाने पटते. सेप्सिसमध्ये पहिल्या दिवशी क्रिएटिनिन वाढलंय म्हणून बीटा-लॅक्टम अँटिबायोटिकांचा (पेनिसिलिन, मेरोपेनेम वगैरे) डोस लगेच छाटू नका. मूत्रपिंड पुष्कळदा पहिल्या ४८ तासांत सावरतं, आणि त्याच ४८ तासांत अँटिबायोटिकाची सगळ्यात जास्त गरज असते.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकाचा घोळ स्वतंत्र शिका. कोणी दशलक्ष युनिटमध्ये लिहितो, कोणी मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅमही दोन तऱ्हेचे. १० लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेटचे साधारण ८० मिग्रॅ, आणि कोलिस्टिन बेसचे साधारण ३३. ऑर्डर नेहमी युनिटमध्येच लिहायची, असा आपल्या आयसीयूचा नियम करून घ्या. लोडिंग डोस, म्हणजे पहिला मोठा डोस, ९० लाख युनिट, तो किडनी बघून कमी करायचा नसतो. व्हॅन्कोमायसिनसाठी २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एयूसी, म्हणजे दिवसभराच्या रक्तपातळीचा एकूण हिशेब, ४०० ते ६०० च्या दरम्यान ठेवायचा. लॅब रक्तपातळी करून देते का हे आधी विचारा, नाहीतर सगळं कागदावरच राहतं.

सिडेशनमध्ये आधी वेदना, मग झोप, हा क्रम. किडनी गेलेल्या पेशंटमध्ये गुंगीच्या मिडॅझोलमचा सक्रिय अवशेष साठत जातो. पंप बंद करून दोन दिवस झाले तरी पेशंट उठत नाही आणि सगळे सीटी स्कॅनचा विचार करू लागतात. गुंगीच्याच प्रोपोफॉलमध्ये दर मिलिला १.१ किलोकॅलरी असतात, त्या आहारतज्ज्ञांच्या हिशेबात गेल्या का ते बघा.

विदर्भाचा आयसीयू पुस्तकात नसतो

परदेशी रेसिडेन्सीच्या अभ्यासक्रमात सर्पदंशाला फार तर पानभर जागा मिळते. इथे जुलैपासून रोज विषय तोच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच पॉलिव्हॅलंट अँटिव्हेनम. व्हायलमध्ये १० मिलि पाणी घालून हलकेच फिरवायची, हलवून फेस काढायचा नाही. सुरुवातीला ८ ते १० व्हायल, तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. स्किन टेस्ट करायची नाही, अॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचं. रक्त साकळण्याची २० मिनिटांची चाचणी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत होते. वॉर्डात फक्त प्लॅस्टिकच्या नळ्या शिल्लक असतील तर चाचणीचा अर्थच जातो. असल्या नळ्यांचा साठा बघणं हेही आपलंच काम. स्नायूंची ताकद परत आणणारं निओस्टिग्मिन नागाच्या दंशात चांगलं चालतं, मण्यारच्या दंशात फारसं नाही, तिथे भिस्त व्हेंटिलेटरवर.

दुसरा विषय कीटकनाशकं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं, पण पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की असे पेशंट दरवर्षीच येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत अॅट्रोपिन हा उतारा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत नेतात, छाती साफ होईपर्यंत. आपल्याकडचं अॅम्प्यूल ०.६ मिग्रॅचं. ३ मिग्रॅने सुरुवात केली तर ५ अॅम्प्यूल, मग १०, मग २०. पहिल्या दहा मिनिटांतच ३५ अॅम्प्यूल फोडून झाले. इमर्जन्सी ट्रॉलीवर दहाच असतील तर काय होणार? हा हिशेब स्टोअरच्या इन्चार्जना कागदावर दाखवा, इंडेंट त्याच दिवशी वाढतो. पेशंट स्थिर झाला की एकूण लागलेल्या अॅट्रोपिनच्या १० ते २० टक्के तासाला, असं इन्फ्युजन. जास्त झालं तर ताप, बडबड, आतड्यांचा आवाज बंद. बाहेर पारा पंचेचाळीसला असताना अॅट्रोपिनने घाम थांबलेला माणूस तापला, तर तो संसर्ग आहे, ऊन आहे की आपलं औषध, हा प्रश्न पहिल्यांदा फार्मासिस्टला पडायला हवा. नातेवाइकांना बाटली आणायला सांगा. फवारणीचं प्रत्येक औषध ऑर्गॅनोफॉस्फरस नसतं आणि प्रत्येकावर अॅट्रोपिन नाही.

पावसाळ्याच्या शेवटी स्क्रब टायफस, म्हणजे बारीक माइटच्या चाव्याने होणारा ताप. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याची मोठी साथ आली होती. ताप, प्लेटलेट कमी, फुप्फुसं भरलेली, आणि चार्टवर मेरोपेनेम, टायकोप्लॅनिन, सगळं काही, फक्त डॉक्सिसायक्लिन नाही. बीटा-लॅक्टमचा या जंतूवर काही उपयोग नाही. २०२३ मध्ये भारतातच झालेल्या मोठ्या चाचणीत गंभीर स्क्रब टायफसला शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन एकत्र देणं एकेकटं देण्यापेक्षा सरस ठरलं. ट्यूबमधून डॉक्सी देत असाल तर कॅल्शियम, लोह, सुक्रॅल्फेट त्याच वेळी नको.

उष्माघातात पॅरासिटामॉलने ताप उतरत नाही. पेशंट थंड करावा लागतो आणि घरच्या गोळ्यांमधली डाययुरेटिक, मनोविकाराची औषधं शोधावी लागतात. सिकलसेलच्या पेशंटला पेथिडिन लिहिलेलं दिसलं तर मॉर्फिन सुचवा. पेथिडिनचा अवशेष साठून झटके येऊ शकतात.

कोड ब्लू, रात्रपाळी, वही

कोड ब्लू, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्याची हाक, आली की धावत जा, पण ट्रॉलीच्या बाजूलाच उभे राहा. औषध भरून, नाव आणि डोस मोठ्याने म्हणून हातात द्या, वेळ लिहा. महिन्यातून काही रात्री थांबा. दिवसाची शिस्त रात्री किती टिकते ते तेव्हाच दिसतं.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा. पेशंटचं नाव लिहू नका, स्वतःचा क्रमांक द्या. प्रश्न, सूचना, कोणाला सांगितली, मान्य झाली की नाही, आणि शेवटचा रकाना: ४८ तासांनी काय झालं. बहुतेक जण हा शेवटचा रकाना रिकामा सोडतात. सूचना मान्य झाली म्हणून ती बरोबर होती असं नाही, हे तिथेच कळतं. औषधाच्या दुष्परिणामाचा संशय आला तर फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रामचा फॉर्म भरा, खात्री व्हायची वाट बघू नका.

प्रकल्प छोटा घ्या. आपल्या युनिटमध्ये शॉकच्या पेशंटला पहिलं अँटिबायोटिक किती वेळात मिळतं, एवढा प्रश्न वर्षभराला पुरतो. एथिक्स कमिटीची मंजुरी माहिती गोळा करायच्या आधी घ्या, नंतर नाही.

बाहेरची वाट आणि इथली नोकरी

अमेरिकेला जायचं असेल तर परदेशी पदवीधरांसाठीची एफपीजीईई परीक्षा आहे. तिच्यासाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे फार्म.डी. चालतं, चार वर्षांचं बी.फार्म. एकटं चालत नाही. तिथल्या फार्मसी स्पेशॅलिटी बोर्डाचं क्रिटिकल केअरचं प्रमाणपत्र, बीसीसीसीपी, रेसिडेन्सीशिवायही अनुभवाच्या जोरावर मिळवता येतं. अनुभवाचा पुरावा लागतो, तेव्हा प्रिसेप्टरचं पत्र आणि लॉगबुक जपून ठेवा.

इथे नोकरी मागताना व्यवस्थापनासमोर आकडे ठेवा. बॉस्टनमधल्या एका आयसीयूत फार्मासिस्ट राउंडला उभा राहू लागल्यावर ऑर्डरमधल्या चुकांमुळे होणारे टाळता येण्यासारखे दुष्परिणाम ६६ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ चा. पण त्याहून जास्त परिणाम तुमच्या स्वतःच्या वहीतल्या तीन महिन्यांचा होतो: किती डोस बदलले, किती अँटिबायोटिकं वेळेवर थांबली, त्यातून फार्मसीचं बिल किती उतरलं. सुरुवातीला एकच आयसीयू आणि फक्त सकाळचा राउंड मागा. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये क्लिनिकल फार्मासिस्टचं पद आता आलेलं आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा. नेमणूकपत्रावरही पदाचं नाव तेच लिहून घ्या. 'फार्मसी असिस्टंट' म्हणून रुजू झालात, तर पहिल्याच स्टॉक ऑडिटला खाली स्टोअरमध्ये बसवतील आणि वरचा राउंड तुमच्याशिवाय सुरू होईल.